आखाजीला देऊ

नाही, मला एवढंच सांगा, कार्ड गिरधरभाऊचं, खरेदी गिरधरभाऊची, कार्डावरचं चकचकीत नाव गिरधरभाऊचं, मग फोन मला का? मला! सुपडू टेलरला! सकाळी शटर वर करतो, मशीनला तेल देतो, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत फोन... 'गुड मॉर्निंग सर, आप गिरधर पाटीलजी को जानते हैं?' आता काय सांगायचं? तळोद्यात आमच्या दोघांच्या दुकानांमध्ये पत्र्याची एकच भिंत, तो तिकडे शिंकला की इकडे माझी शिवण वाकडी जाते. जानते हैं, बाबा, जानते हैं! पण 'हो' म्हणालो की मी अडकलो आणि 'नाही' म्हणायच्या आत पत्र्यापलीकडून आरोळी, 'सुपडूभो, ठेवी दे फोन! चोर शेतस सगळा!'

तुम्हाला सांगतो, त्या क्रेडिट कार्डाच्या फॉर्मवर एक रकाना असतो, ओळखीच्या माणसाचा नंबर. त्या रकान्यात या भल्या गृहस्थाने मला न विचारता माझा नंबर दिला. स्वतःचा का नाही? तोही दिला होता. पण स्वतःच्या फोनवर अनोळखी नंबर दिसला की तो उचलत नाही, उचलला की शिव्या देतो आणि शिव्या दिल्या की तो नंबर कायमचा बंद करतो. मग ते बिचारे जाणार कुठे? माझ्याकडे! मी शर्टाचं माप घेऊ की देशाच्या बँका सांभाळू?

स्वभाव हो, स्वभाव! मोटार रिवायंडिंगचं दुकान त्याचं, शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की तांब्याची तार नव्याने भरून देतो, हात असा की जळालेली मोटार नुसती हुंगून सांगेल कुठे जळाली. पण संशय! गिरणीतून दळण आणलं की घरी पुन्हा तोलणार. मेव्हण्याने दिलेल्या घरच्या म्हशीच्या दुधातही बोट बुडवून बघणार. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, याचं तोंड कधी पोळलंच नाही, हा जन्मापासून फुंकतोच आहे! वहिनी, म्हणजे सिंधुबाई, एकदा मला म्हणाल्या, 'भाऊ, लगीनमा मन्हा बापनी अंगठी दिधी ना, ती बी यास्नी सोनारले दखाडी व्हती.' लग्नाच्या मांडवातून! सोनाराकडे!

मग असा माणूस फसला कसा, असं विचाराल. अहो, फसलाच नाही! तेच तर दुःख आहे. कोणीही त्याला फसवलं नाही. सगळे खरं बोलत होते.

झालं काय, मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा, घोड्यांचा बाजार. आम्ही दोघं गेलो. तिथे छत्रीखाली टाय लावलेला एक पोरगा, समोर स्टीलच्या बाटल्यांचा ढीग, कार्ड घ्या, बाटली फुकट. गिरधरभाऊने बाटली उलटी करून वाजवून बघितली, पोराचं ओळखपत्र उन्हात धरून बघितलं, 'फुकट? कसाले फुकट?' असं तीनदा विचारलं. पोरगा दमला. आणि दमून, तुम्हाला सांगतो, त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं... 'काका, आत्ता खरेदी करा, पैसे नंतर द्या.'

नंतर! बस, संपलं. गिरधरभाऊचा चेहरा असा खुलला की मला वाटलं याला घोडा बक्षीस मिळाला.

कारण तुम्ही पुण्यामुंबईकडचे असाल तर तुम्हाला कळणार नाही, आमच्याकडे 'नंतर' म्हणजे एकच दिवस. आखाजी! अक्षय तृतीया! शेतावरच्या सालदाराचं साल आखाजीला संपतं, नवं आखाजीला ठरतं, लेकी माहेरी झोके खेळायला आखाजीला येतात आणि वर्षभराची उधारी आखाजीला चुकती होते. कार्तिकात कोणाची मोटार जळाली, गिरधरभाऊ भरून देतो, तो शेतकरी म्हणतो 'आखाजीले देसू', हा म्हणतो 'दे'. विषय बंद. मध्ये विचारायचं नाही. आखाजीच्या आधी पैसे मागणं म्हणजे समोरच्याला चारचौघांत लबाड म्हणणं. त्याच्या वडिलांनी मागितले नाहीत, त्याने मागितले नाहीत. याचं ब्रीदवाक्यच आहे, बोट वर करून म्हणतो, 'खरा मानूस आखाजीना पहिले मांगत नही!'

आता बघा हं गंमत. तो सुरतेला गेला, कार्ड घासलं, तार गुंडाळायचं नवं मशीन आणि तांब्याची तार आणली, शेचाळीस हजार. दुकानदाराने हमी मागितली नाही, वडिलांचं नाव विचारलं नाही. गिरधरभाऊ गहिवरला. परत आल्यावर मला म्हणतो, 'सुपडूभो, बँक आपलीमधलीच शे रे.' आणि त्या दिवसापासून शेचाळीस हजार वेगळे जमवायला लागला. खरंच! पिठाच्या डब्यामागे पाकिटात. देणं बुडवायची नियत नव्हती हो माणसाची, ते माझ्याकडून लिहून घ्या. दर आठवड्याला पाकीट मोजायचा आणि आखाजीची वाट बघायचा.

जानेवारीत पहिला फोन. बाई गोड बोलत होती... 'सर, आपके कार्ड का बिल जनरेट हुआ है, मिनिमम ड्यू दो हज़ार तीन सौ...' गिरधरभाऊने कान टवकारले. शेचाळीस हजारांच्या जागी दोन हजार तीनशेच मागते? म्हणजे नक्की चोर! खरा माणूस आपले पैसे कमी कशाला मागेल? म्हणून त्याने तिची परीक्षा घेतली. 'बहेनजी, आप बँकवाली है ना? तो बताओ, आखाजी कब है?' ती म्हणाली, 'सर, वो क्या होता है?' झालं! 'सुपडूभो, पकडी! पकडी चोरनी! आखाजी माहीत नही आनी उधारी वसूल करस!' नंबर बंद.

फेब्रुवारीत मुलगा. 'सर, लेट फी लग गई है, इंटरेस्ट लग रहा है, आपका सिबिल खराब हो जाएगा.' सिबिल म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, पण खराब होणारी गोष्ट आपल्या घरात नाही म्हणून त्याने वहिनींना विचारून खात्री केली. मार्चमध्ये मेसेज, चिठ्ठ्या, मला फोन, मला फोन, मला फोन! मी म्हणालो, 'भाऊ, एकदा बँकेत जाऊन तरी ये.' तर बोट वर, 'खरा मानूस आखाजीना पहिले मांगत नही! जो मांगस तो चोर!' मी म्हणालो, मर मग.

आणि आखाजी उजाडली. तुम्हाला सांगतो, काय दृश्य होतं... पांढरी टोपी, धुतलेला सदरा, एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात सांजोऱ्यांचा डबा. सणाच्या दिवशी देणं चुकवायला जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत! आखाजी नेमकी रविवारी, बँक बंद होती. सुट्टी! देणेकरी स्वतः पैसे घेऊन दारात उभा आणि सावकार सुट्टीवर, असा उलटा न्याय कधी ऐकलात? दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. काउंटरवरच्या साहेबाने नंबर टाकला, पडदा बघितला, सांजोरी तोंडात घातली आणि म्हणाला, 'काका, एकसष्ट हजार.'

साहेबाची सांजोरी चावून झाली तरी गिरधरभाऊ उभाच. 'शेचाळीस.' साहेब म्हणाला, व्याज आहे, उशिराचा दंड आहे, व्याजावर आणि दंडावर कर आहे. 'आखाजीलेच दी ऱ्हायनू ना मी! उशीर कसाना?' साहेब म्हणाला, काका, तारीख जानेवारीतली होती. निदान हे शेचाळीस आज भरा, वरच्याचं बघू. तिथे माझा माणूस अडला. त्याला वाटलं, आधी शेचाळीस गिळतील, मग वरचे पंधरा मागतील, आणि ते दिले की आणखी पंधरा. पाकीट परत खिशात, डबा परत काखेत. घरी!

मग पावसाळा. व्याज काय, छत्री लागत नाही त्याला, भिजून आणखी फुगतं. जूनमध्ये पोस्टमन आला, रजिस्टर पत्र, कोपऱ्यात वकिलाचं नाव. गिरधरभाऊ दोन पावलं मागे. 'हात लावाना नही. सही करी की पैसा कटतस!' पोस्टमनने त्याला समजावलं, मी समजावलं, शेवटी पोस्टमन कंटाळून म्हणाला, 'भाऊ, मग घेण्यास नकार असं लिहू?' 'लिख! मोठा अक्षरमा लिख!' आणि दिवसभर छाती फुगवून हिंडला, जणू शत्रूची तोफ परतवली!

जुलैमध्ये मोटरसायकलवर एक वसुलीवाला आला. गॉगल, गळ्यात पट्टा, आवाज हा असा चढवून... 'पाटील तुम्हीच ना? सोमवारपर्यंत भरा. नाहीतर अटक! वॉरंट तयार आहे!' आणि आता ऐका, कानात प्राण आणून ऐका. सहा महिन्यांत एवढी माणसं बोलली, गोड बाई बोलली, मुलगा बोलला, बँकेचा साहेब बोलला, सगळे शंभर टक्के खरं बोलले, याने कोणावर विश्वास ठेवला नाही. हा एकटा खोटं बोलला. कार्डाचं देणं थकलं म्हणून कोणी बेड्या घालत नाही, ते दिवाणी प्रकरण असतं, हे मला नंतर वकिलाने सांगितलं, धमकी देणाऱ्याचीच तक्रार करता येते. आणि नेमका याच्यावर गिरधरभाऊचा विश्वास बसला! संध्याकाळच्या जीपने खापर गावाला बहिणीकडे पळाला, चार दिवस कपाशीत लपून बसला. दुकान मी सांभाळलं. मोटारी घेऊन येणाऱ्या लोकांना मी शर्टाचं कापड दाखवत होतो!

आता तुम्ही म्हणाल, सुपडू, तू उगीच तापतोस, पैसे त्याचे, अक्कल त्याची. तापणार नाही तर काय? यात जाणार होतं कोणाचं? पोरीचं! रोशनीचं! एकुलती एक लेक, बारावीला चांगले मार्क, नाशिकला नर्सिंगला नंबर लागणार, फी चार वर्षांची मिळून चार लाख, त्यासाठी बापाला सहकर्जदार करून शिक्षणाचं कर्ज काढायचं हे वर्षभर ठरलेलं. माझ्या दुकानात येऊन पांढऱ्या गणवेशाचं माप देऊन गेलेली पोर! 'काका, ॲडमिशन झाल्यावरच कापा हं, आधी नको.' मी ते माप जपून ठेवलंय, आणि तिचा बाप खापरच्या कपाशीत!

ऑगस्टअखेर लोकअदालतीचा कागद आला, सप्टेंबरात नंदुरबारच्या कोर्टात या, समझोता करा. हा कागद मीच घेतला, त्याच्या हातात पडू दिला नाही. त्याला धरून नेला. तिथे निवृत्त न्यायाधीश मॅडम, शेजारी बँकेचा वकील. वकील म्हणाला, आम्ही नोटीस पाठवली होती. हा उसळला, 'माले मिळनी नही! मी घिदीच नही!' मॅडम शांतपणे म्हणाल्या, 'नोटीस घ्यायला नकार दिला म्हणजे ती मिळाली असंच धरतात.' गिरधरभाऊने क्षणभर विचार केला. 'मॅडम, न घिदेल कागद मिळना असं धरतस, तं न दिधेल पैसा दिधा असं बी धरा ना!' सगळं कोर्ट हसलं. मॅडमपण हसल्या. पण धरलं नाही हो!

आकडा अठ्ठ्याहत्तर हजारांवर गेला होता. मॅडम म्हणाल्या, 'पाटील, नीट ऐका. पूर्ण भरलंत तर खातं बंद म्हणून नोंद होईल, डाग राहील पण फिका. कमी रकमेवर तडजोड केलीत तर सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, सेटल्ड असा शेरा बसेल, पुढे कर्ज मिळायला त्रास होतो. जमत असेल तर पूर्ण भरा.' किती सरळ सांगितलं! आईने लेकराला सांगावं तसं! मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. पण गिरधरभाऊने माझ्या कानाशी येऊन काय सांगावं? 'बँकना मानूस नही बोली ऱ्हायना, बाई बोली ऱ्हायनी, पूर्न भर, पूर्न भर. दोन्ही आतून मिळेल शेतस.' आणि मग सुरू झाला बाजार! बैल घेताना घासाघीस करावी तशी! चाळीस! वकील म्हणाला सत्तर. बेचाळीस! पासष्ट. हा उठून दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी बावन्न हजार. सव्वीस हजार वाचवले! पैसे भरले, पावती घेतली, नंदुरबारच्या स्टँडवरून जिलेबी घेतली, जीपमध्ये सगळ्यांना वाटली, चालकालाही दिली. मीसुद्धा खाल्ली. खोटं कशाला बोलू, गोड लागली.

दहा दिवसांनी रोशनीचा नंबर लागला. तीस तारखेपर्यंत फी. बापलेक, वहिनी आणि मी, चौघं बँकेत. दुसरी बँक, हो, पहिलीत आता तोंड दाखवायला जागा नाही. मॅनेजर तरुण, बोलायला गोड, नावं टाकली, पडदा पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाला, 'काका, तुमच्या नावावर सहकर्जदार म्हणून होणार नाही. स्कोअर पाचशे सत्तर. आणि हे सेटल्ड.' गिरधरभाऊ तावाने पावती काढतो, 'साहेब, पैसा भरेल शेतस! हाई देखा शिक्का!' मॅनेजर म्हणाला, 'सेटल्ड म्हणजे कर्ज पूर्ण फेडलं नाही, बँकेने पाणी सोडलं. आता उरलेले भरून पत्र आणलंत तरी नोंद सुधारायला महिना-दीड महिना जातो.' आज तारीख? तेवीस.

 तुम्हाला सांगतो, रोशनी रडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त आपले मार्कशीटचे कागद टेबलावरून गोळा केले, एकावर एक नीट लावले आणि पिशवीत घालायला लागली. गिरधरभाऊ ते बघत होता. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता हो... भीती होती. आणि काय म्हणाला माहितीये? पुटपुटला, 'खरा मानूस... आखाजीना पहिले...' आणि वाक्य तिथेच तुटलं. मला राग यायला हवा होता. नाही आला.

तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, 'आईंचं आधार द्या बरं.' नंबर टाकला आणि त्या पोराच्या भुवया कपाळावर! 'आई... सातशे ब्याऐंशी!' गिरधरभाऊला वाटलं सातशे ब्याऐंशी रुपये देणं निघालं, तो खिशात हात घालायला लागला. 'काका, देणं नाही, स्कोअर! उत्तम आहे! बचत गटाचं कर्ज तीन वेळा घेतलंय, एकही हप्ता चुकलेला नाही. शेवटचं म्हशीसाठी.'

म्हशीसाठी! गिरधरभाऊ हळूहळू वहिनींकडे वळला. 'म्हैस तं तुन्हा भाऊनी दिधी व्हती ना?'

वहिनी पदर सावरत म्हणाल्या, 'भाऊनी कोठून दिधी? तेन्हाकडे शेळी नही. बँकना पैसा म्हनतू, तं तुम्ही म्हैसले हात लावतात का? दूध पिवाना पहिले सोनारले दखाडतात!' मग आवाज खाली आणून म्हणाल्या, 'दर महिनानी पाच तारीखले भरी दिधं. दूधनाच पैसामाइन. कोनी मांगाले येवाना पहिले.'

कोनी मांगाले येवाना पहिले! ऐकलंत? मी खुर्चीत बसल्या बसल्या ताठ झालो. संशयी माणसाच्या घरात चार वर्षं बँकेची म्हैस रवंथ करत होती, तो रोज तिचं दूध पीत होता आणि पाण्याचा संशय घेत होता!

मॅनेजरने नवा फॉर्म काढला. कर्जदार रोशनी, सहकर्जदार सिंधुबाई. रोशनीने पिशवीतून कागद पुन्हा बाहेर काढले, एकेक. वहिनींनी प्रत्येक पानावर सही केली, अक्षर मोठं, ठसठशीत, बचत गटात शिकलेलं. गिरधरभाऊ बाजूला उभा. सवयीने वाचत होता, प्रत्येक ओळ, बोट ठेवून. खिशातून पेन काढून टोपण उघडून तयार ठेवलं होतं.

'आई, तुमचा व्यवसाय?' 'दूध.' 'महिन्याचं उत्पन्न?' वहिनींनी सांगितलं. गिरधरभाऊने तो आकडा आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. 'तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती?'  वहिनींनी रोशनीकडे बघितलं. नवऱ्याकडे बघितलं. शेचाळीस हजार पाकिटात अडकल्यावर त्याच्या दुकानात लागणारी तार वहिनींच्या दुधाच्या पैशाने येत होती, हा प्रकाश तेव्हा माझ्या डोक्यात पडला, त्याच्याही पडला असावा. 'लिखा,' वहिनी म्हणाल्या, 'दोन.'

मॅनेजरने लिहिलं, खाली नावांच्या ओळींत नुसतं 'रोशनी', 'गिरधर'. गिरधरभाऊ पुढे सरकला, पेन टेकवणार, 'मी कोठे सही करू?' मॅनेजर फॉर्म आपल्याकडे ओढत म्हणाला, 'काका, तुमची सही लागत नाही.'

मला वाटलं आता भडकेल, आता 'कसाले नही? काय डाव शे?' म्हणेल, मी त्याचा सदरा धरायला तयार. पण त्याने पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं, फॉर्मवर वाकला, स्वतःच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, 'बरं साहेब. पन नाव तेवढं पूर्न लिखा... अर्ध्याना अनुभव शे माले.'